पार्सल पोचले नाही

गोधडी शिवायला किती दिवस लागतात, ते जिने शिवली तिलाच ठाऊक. जुन्या लुगड्यांचे पदर जुळवायचे, थर नीट बसवायचे, आणि मग बोटभर अंतराने टाके घालीत जायचे. साताऱ्याकडच्या एका गावात बायकांचा बचत गट आहे. शेतातले काम आटोपले की या बायका दुपारी आणि रात्री शिवायला बसतात. एका गोधडीला वीस-बावीस दिवस जातात. तिची किंमत १४०० रुपये.

पूर्वी अशी गोधडी घरातच वापरली जाई. फार तर लेकीबरोबर सासरी जाई. आता ती मोबाइलवरून विकली जाते. गोधडीचा फोटो काढायचा आणि व्हॉट्सॲपवर किंवा दुकानाच्या ॲपवर टाकायचा. ठाण्याचे, नागपूरचे, बंगळूरचे गिऱ्हाईक तो फोटो पाहते आणि पैसे आधी पाठवते. मग आपण पार्सल पाठवायचे. गिऱ्हाइकाने आपल्याला पाहिलेले नाही. आपण गिऱ्हाइकाला पाहिलेले नाही.

या गटाची हिशेबाची वही आम्ही तपासून देतो. म्हणून पुढची हकीगत आम्हांला जवळून ठाऊक आहे.

एका मंगळवारी गटाच्या अध्यक्षबाईंच्या मोबाइलवर निरोप आला. ठाण्याच्या एका बाईंनी लिहिले होते, "पार्सल मिळालं नाही. दहा दिवस झाले. माझे पैसे परत करा."

पार्सल एका खासगी कुरिअरने पाठवले होते. अध्यक्षबाईंनी पावतीवरचा नंबर मोबाइलवर टाकून पाहिला. तिथे लिहिले होते, 'डिलिव्हर्ड'. म्हणजे पोचले. शनिवार, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे.

"बघा की गुरुजी, पोचलंय म्हणून सांगतंय. आणि ही बाई म्हणती मिळालं न्हाई. सरळ सरळ खोटं बोलतीय!"

आम्ही म्हटले, "जरा थांबा. मला वाचू द्या."

पण आम्ही चष्मा शोधीपर्यंत अध्यक्षबाईंचा निरोप गेलासुद्धा. "तुम्हाला पार्सल मिळालं आहे. गरिबांना फसवू नका."

त्यानंतर तीन दिवस काही उत्तर आले नाही. गटात दोन तट पडले. एक तट म्हणे, बाई खोटी होती, म्हणून गप्प बसली. दुसरा तट म्हणे, पैसे देऊन टाका, उगाच बदनामी नको. जिने ती गोधडी शिवली होती, ती काहीच बोलेना. बावीस दिवस तिचे गेले होते.

शनिवारी ठाण्याहून फोटो आला. फोटोत आपलीच गोधडी होती. झाले होते ते असे. त्या बाई मोठ्या इमारतीत राहतात. खाली फाटकाशी राखणदाराची खोली आहे. कुरिअरवाल्याने पार्सल तिथे ठेवले आणि आपल्या यंत्रात 'पोचले' असे नोंदवून तो निघून गेला. त्याच संध्याकाळी राखणदार रजेवर गावी गेला. त्याच्या जागी आलेल्या माणसाला पार्सलाची काहीच माहिती नव्हती. पहिला राखणदार परत आला तेव्हा पार्सल कपाटामागे सापडले.

फोटोखाली त्या बाईंनी एकच ओळ लिहिली होती. "सापडलं. मी फसवत नव्हते."

अध्यक्षबाईंनी माफी मागितली. पण त्या बाईंनी पुन्हा काही घेतले नाही. १४०० रुपये वाचले, गिऱ्हाईक गेले.

आता या 'डिलिव्हर्ड' शब्दाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पार्सल पोचवणाऱ्याने आपल्या यंत्रात 'काम झाले' असे नोंदवले, एवढाच त्याचा अर्थ. पार्सल गिऱ्हाइकाच्या हातात पडले, असा अर्थ त्यातून निघत नाही. आम्ही चाळीस वर्षे हजेरी घेतली. हजेरीपटावर 'हजर' लागलेले पोर खिडकीतून कधी पसार झाले, ते आम्हांलाही पुष्कळदा कळले नाही. कुरिअरवाल्याला दिवसात कितीतरी घरे घ्यायची असतात. तो पार्सल शेजाऱ्याकडे देतो, राखणदाराकडे देतो, कधी दाराशी ठेवतो. खेड्यात तो किराणा दुकानात ठेवून जातो. कधी तर संध्याकाळी काम संपलेले दाखवायचे म्हणून आधीच 'पोचले' लिहितो आणि पार्सल दुसऱ्या दिवशी देतो. म्हणून गिऱ्हाईक म्हणते 'मिळाले नाही' आणि यंत्र म्हणते 'पोचले', तेव्हा दोघेही खरे असू शकतात.

तेव्हा असा निरोप आला तर पहिले काम म्हणजे उत्तर देणे. त्याच दिवशी देणे. गप्प बसलो की गिऱ्हाइकाला वाटते, पैसे बुडाले. उत्तरात आरोप नको आणि वचनही नको. 'खोटे बोलता' असे लिहू नये. 'लगेच पैसे देतो' असेही लिहू नये. या गटाला आम्ही एक मजकूर लिहून दिला आहे. तो असा:

"नमस्कार. तुमचा निरोप मिळाला. पार्सल तुमच्या हाती आले नाही याचे वाईट वाटते. कुरिअरच्या नोंदीत ते शनिवारी दुपारी ३-४० ला पोचले असे दिसते. ते कोणाच्या हातात दिले, याची चौकशी आम्ही आजच करतो. तुम्हीही कृपा करून घरातली माणसे, शेजारी आणि फाटकावरचा राखणदार यांना विचारून पाहा. गुरुवारी संध्याकाळपर्यंत आम्ही तुम्हाला नक्की कळवतो."

यात शेवटचे वाक्य फार महत्त्वाचे आहे. वार सांगावा आणि तो पाळावा. गुरुवारपर्यंत काही कळले नाही, तर 'अजून कळले नाही' एवढे तरी गुरुवारी कळवावे.

मग कुरिअरच्या कचेरीत विचारावे. 'पार्सल कुठे आहे' असे विचारू नये. ते म्हणतील, 'पोचले', आणि फोन ठेवतील. विचारावे ते असे: पार्सल कोणी घेतले? त्याचे नाव काय? सही आहे का? फोटो काढला आहे का? ओटीपी घेतला होता का? ओटीपी म्हणजे गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर येणारा आकडा. तो सांगितल्यावरच पार्सल द्यायचे, अशी काही ठिकाणी सोय असते. कचेरीतून जे उत्तर मिळेल ते, सांगणाऱ्याचे नाव आणि तक्रारीचा नंबर, असे सर्व वहीत लिहून ठेवावे. नुसते फोनवर बोलणे म्हणजे वाऱ्यावरची वरात. लेखी तक्रार करावी.

पार्सल टपालाने पाठवले असेल तर कोणत्याही पोस्टात तक्रार देता येते. टपालखात्याचा फुकट फोनही आहे, १८०० २६६ ६८६८. रजिस्टर पोस्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची होती. २०२५ साली ती स्पीड पोस्टात मिसळली. स्पीड पोस्टाला ओटीपीची सोयही त्याच वर्षी जोडली गेली. त्याला थोडे जादा पैसे पडतात. किमती माल पाठवताना ही सोय खिडकीवर मागून घ्यावी, असे आमचे मत आहे. चौदाशे रुपयांच्या मालामागे चार-सहा रुपये म्हणजे काही फार नव्हेत.

स्पीड पोस्टाच्या पावतीवर जो नंबर असतो, त्यात १३ खुणा असतात. आधी दोन इंग्रजी अक्षरे, मग नऊ आकडे, मग पुन्हा दोन इंग्रजी अक्षरे. वहीत उतरवून घेतल्यावर त्या मोजाव्यात. बारा भरल्या तर एक सुटली आहे. नंबर चुकला की आपलेच पार्सल आपल्याला सापडत नाही.

पण खरे सांगायचे तर तक्रार आल्यावर करायचे काम थोडे आहे. जास्त काम पार्सल घरातून निघण्याआधीचे आहे.

पहिली गोष्ट पत्ता. आपल्या राज्यात वडगाव किती आहेत? निमगाव किती? पिंपळगाव किती? याच घोटाळ्यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. तो ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी गृहस्थ. ते टपालखात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतात कविताही करीत. पिनचे आकडे सहा. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा पिन ४ ने सुरू होतो. पहिले तीन आकडे मिळून जिल्ह्याची वाट दाखवतात आणि शेवटचे तीन वाटप करणारे पोस्ट ठरवतात. पुण्याचे पिन ४११ ने सुरू होतात, कोल्हापूरचे ४१६ ने. म्हणजे एका आकड्याची चूक झाली की पुण्याची गोधडी पंचगंगेवर जाऊन बसते.

यात आपली एक खास अडचण आहे. आपण आकडे मराठीत लिहितो. आपला १ हा इंग्रजी नऊसारखा दिसतो. आपला ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो. पार्सल परप्रांतात गेले तर तिथला माणूस काय वाचील? म्हणून पार्सलावर पिन आणि मोबाइल नंबर इंग्रजी आकड्यांतच लिहावा. वहीत मराठी आकडे खुशाल लिहावेत. ती वही आपली आहे.

पत्ता आपण लिहून झाल्यावर गिऱ्हाइकाला परत पाठवावा आणि विचारावे, "हा बरोबर आहे का? घरी कोणी नसेल तर पार्सल कोणाकडे द्यायचे?" हा दुसरा प्रश्न आम्हांला ठाण्याच्या प्रकरणानंतर सुचला. पत्त्याची एक चिठ्ठी पार्सलाच्या आतही ठेवावी. पावसाळ्यात वरचा कागद भिजून फाटतो. मग पार्सल कोणाचे ते आतल्या चिठ्ठीवरून कळते.

दुसरी गोष्ट पुरावा. गोधडी घडी घालून खोक्यात ठेवली की पत्त्याचा कागद तिच्याशेजारी धरून फोटो काढावा. खोके बंद केल्यावर दुसरा फोटो. चिकटपट्टीवर आडवी सही करावी, म्हणजे अर्धी सही पट्टीवर आणि अर्धी खोक्यावर येईल. मधे कोणी पट्टी काढून पुन्हा लावली तर सही जुळत नाही. नंतर वजन. या गटाची गोधडी बांधून साधारण दोन किलो भरते. पावतीवर वजन छापलेले असते, ते तिथेच वाचून पाहावे. पुढे कोणी म्हणाले की खोके आले पण आत काही नव्हते, तर ही पावती बोलते. रिकामे खोके दोन किलो भरत नाही.

हे सारे एका वहीत एका ओळीत मावते. पाठवल्याची तारीख, गिऱ्हाइकाचे नाव, पिन, मोबाइल, वजन, पावतीचा नंबर, पोचल्याची तारीख आणि शेवटी शेरा. गटातल्या ज्या मावशी गेल्या वर्षी अक्षरे शिकल्या, त्याच आता ही वही लिहितात. त्यांचे अक्षर मोठे आहे. ओळीला ओळ लागत नाही. पण आजवर एकही रकाना रिकामा सुटलेला नाही.

या वहीनेच गटाला एकदा वाचवले.

एका गृहस्थांनी लिहिले, पार्सल मिळाले नाही. त्या वेळी ठाण्याची चूक ताजी होती. गटाने घाबरून काही न विचारता पैसे परत केले. चार महिन्यांनी दुसऱ्या नावाच्या माणसाची तशीच तक्रार आली. मावशी वही चाळता चाळता थबकल्या. म्हणाल्या, "गुरुजी, नाव निराळं हाय, पण मोबाइल तोच दिसतोय." पाहिले तर खरेच तोच नंबर.

या वेळीही कोणी त्याला चोर म्हटले नाही. आम्ही एवढेच लिहायला सांगितले: "कुरिअरकडे आणि जरूर पडल्यास पोलिसांकडे तक्रार करायची आहे. त्यासाठी पार्सल मिळाले नाही असे आपल्या सहीने लिहून त्याचा फोटो पाठवावा." उत्तर आले नाही. पुन्हा एकदा तोच निरोप पाठवला. तरीही आले नाही. खरी अडचण असलेला माणूस कुरकुर करतो, पण बहुधा लिहून देतो.

तरी सावध असावे. उत्तर आले नाही म्हणजे माणूस लबाड ठरला, असेही नाही. कोणी आजारी असेल, कोणाचा फोन बिघडला असेल. वहीत शेरा लिहावा आणि थांबावे. आमचा अनुभव असा की तक्रार करणाऱ्यांत लबाड थोडे असतात. बाकीच्यांचे पार्सल कुठेतरी अडकलेले असते.

कधी कधी पार्सल खरोखरच हरवते. मग नुकसान कोणी सोसायचे? गटात यावर मोठा वाद झाला. एक ताई म्हणाल्या, "आपण तर पाठवलं. हरवलं कुरिअरनं. आपण का भरायचं?" त्यांचे दुःख आम्हांला कळते. पण पाहा, कुरिअर कोणी निवडले? आपण. त्याचे पैसे कोणी भरले? आपण. पावती कोणाच्या हातात आहे? आपल्याच. गिऱ्हाइकाने पैसे दिले आणि त्याला काही मिळाले नाही. तेव्हा त्याला पैसे किंवा दुसरी गोधडी आपण द्यायची, आणि कुरिअरशी भांडायचे तेही आपणच.

कुरिअरकडून मालाची पूर्ण किंमत मिळेलच असे मात्र समजू नये. भरपाईची मर्यादा पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली असते. या गटाने ती अक्षरे पार्सल हरवल्यावर वाचली. चौदाशेच्या गोधडीचे ३०० रुपये मिळाले. टपालातही विमा न उतरवलेल्या पार्सलाची भरपाई मालाच्या किमतीवर ठरत नाही. म्हणून भारी माल असेल तर विम्याचे काय, हे पाठवतानाच विचारावे.

कायद्याचेही थोडे सांगतो. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि त्याखाली २०२० साली ऑनलाइन विक्रीचे नियम झाले. दुकानाच्या ॲपवरून विकणाऱ्याने तक्रार मिळाल्याचे ४८ तासांत कळवायचे आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायचा, असे त्यात आहे. गिऱ्हाईक १९१५ या नंबरवर सरकारकडे तक्रार करू शकते. ॲपवाल्या कंपन्यांची उत्तराची मुदत आणखी कमी असते आणि ती प्रत्येकीची वेगळी असते. मुदत टळली तर कंपनी आपल्याला न विचारता गिऱ्हाइकाला पैसे देते आणि आपल्या हिशेबातून कापते. मग पुरावे असूनही उपयोग होत नाही. म्हणून ॲप रोज उघडून पाहावे. शेतीची घाई असली तरी पाहावे.

कोणी विचारील, माल हातात पडल्यावरच पैसे घ्यावेत, म्हणजे ही कटकटच नको. ही रीत जुनी आहे. व्ही.पी. म्हणून टपालखात्याने ती १८७७ सालीच सुरू केली होती. तीत 'मिळाले नाही' ही तक्रार येत नाही, हे खरे. पण पार्सल दारात गेल्यावर गिऱ्हाईक 'नको' म्हणते आणि गोधडी जाऊन-येऊन मळते. येण्याजाण्याचा खर्च आपल्या माथी. गटाने हा मार्ग दोन महिने करून पाहिला आणि सोडला.

पैसे परत करतानाही एक काळजी घ्यावी. ज्या खात्यातून किंवा ज्या नंबरावरून पैसे आले, तिथेच परत पाठवावेत. 'माझ्या भावाच्या नंबरवर टाका' असे कोणी म्हटले तर आधी मूळ नंबरवर फोन करून आवाज ऐकावा. आणि 'पैसे परत करण्यासाठी ही लिंक दाबा', 'पार्सल सोडवण्यासाठी पाच रुपये भरा' असे निरोप आले तर हात लावू नये. पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. इथे पिन म्हणजे पत्त्याचा नव्हे, पैशाच्या ॲपचा गुप्त आकडा. फसगत झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितका उशीर होतो तितके पैसे पुढे सरकतात.

हरवलेल्या गोधडीचे नुकसान प्रथम जिने शिवली तिच्या अंगावर घालावे, असे एकदोघींचे म्हणणे होते. आम्हांला ते पटले नाही. तिने तिचे काम चोख केले होते. शेवटी गटाने ठरवले की दर पार्सलामागे २० रुपये बाजूला काढायचे. सत्तर पार्सले गेली की एक गोधडी भरून निघते. त्यासाठी चहाचा एक रिकामा डबा घेतला आहे. त्याची किल्ली खजिनदार वहिनींकडे असते आणि नोंद मावशींच्या वहीत. परवा आम्ही मोजणी केली तेव्हा डब्यात ८६० रुपये होते. वहीत त्रेचाळीस पार्सले होती.